बोटीचा रंग, टपातलं शेवाळ आणि माझी एक चूक



एरवी मी इथे पाठाचं टाचण, कृतिपत्रिका असंच काहीतरी देतो. आज एका प्रयोगाबद्दल लिहितोय. त्यात विज्ञान आहे आणि माझी एक चूकही आहे. चूक लिहावी की नाही यावर बरेच दिवस विचार केला. मग वाटलं, मुलांना आपण "जे दिसलं तेच लिहा" असं सांगतो, तर आपणही लिहावं.

प्रश्न कुठून आला?

आमचं जामखेड समुद्रापासून तीनशे किलोमीटरहून जास्त लांब. इथल्या मुलांनी पाणी पाहिलेलं असतं ते विंचरणा नदीचं, भुतवड्याच्या तलावाचं, पावसाळ्यात सौताड्याच्या धबधब्याचं, आणि उन्हाळ्यात टँकरचं. म्हणून सहल कोकणात काढली की मुलांचे डोळे नुसते मोठे होतात.

मागच्या सहलीत आम्ही अलिबागला होतो. ओहोटीची वेळ होती. एक होडी वाळूत तिरकी टेकली होती आणि एक कोळीकाका लोखंडी पट्टीने तिचं बूड खरवडत होते. बुडाला हिरवट बुळबुळीत थर होता. त्यातच पांढरे, टोकदार, चुन्यासारखे कडक दाणे चिकटलेले. मुलांनी हात लावून पाहिला, एकाचं बोट कापलं.

"काका, हे काय आहे?"

"समुद्र चिकटतो होडीला," काका हसून म्हणाले. "नाही काढला तर होडी जड होते, डिझेल जास्त जातं. खरवडायचं, मग रंग मारायचा. तो लाल रंग आहे ना, त्याच्यात औषध असतं."

परतीच्या बसमध्ये आठवीच्या एका मुलीने विचारलं, "सर, रंगात कसलं औषध? आणि ते चालतं की नाही हे कसं कळतं?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी कसंबसं दिलं. दुसऱ्याचं मला येत नव्हतं. "शाळेत गेल्यावर बघू," म्हणालो. आपण सगळेच असं म्हणतो आणि विसरतो. ती विसरली नाही.

बुळबुळ म्हणजे नेमकं काय?

आठवीच्या सामान्य विज्ञानात पहिलाच पाठ सजीव सृष्टी व सूक्ष्मजीवांच्या वर्गीकरणाचा आहे. त्या पाठाला जोडूनच मी हा विषय घेतला. आधी मुलांना एक काम दिलं. सकाळी दात घासण्याआधी दातावरून जीभ फिरवा, मग घासल्यावर फिरवा. फरक जाणवतो की नाही? तो आधीचा बुळबुळीत थर म्हणजे जैवपटल, इंग्रजीत बायोफिल्म. घरातल्या पाण्याच्या हौदाच्या आतल्या बाजूला, माठाच्या बुडाला, नदीतल्या दगडावर, होडीच्या बुडाला, सगळीकडे तोच प्रकार. फक्त राहणारे वेगवेगळे.

समुद्रात स्वच्छ पत्रा बुडवला की काय होतं ते क्रमाने सांगतो.

पहिल्या काही मिनिटांतच पाण्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थ पत्र्यावर एक अदृश्य थर धरतात. काही तासांत जिवाणू येऊन बसतात. ते आपल्याभोवती चिकट डिंकासारखा पदार्थ सोडतात आणि त्यात घर करतात. पुढच्या काही दिवसांत डायाटम येतात. डायाटमला मराठीत करंडक वनस्पती म्हणतात. नाव किती नेमकं आहे बघा. एकपेशीय शैवाल, पण भोवती वाळूच्याच जातीच्या सिलिकाचं कवच, आणि ते कवच डबी आणि झाकण असं दोन भागांचं. हुबेहूब कुंकवाचा करंडा. मग हिरव्या शैवालाचे धागे येतात. आणि त्यानंतरच्या दिवसांत, आठवड्यांत मोठे पाहुणे: बार्नेकल, शिंपले, नळीत राहणारे किडे.

ते टोकदार पांढरे दाणे म्हणजे बार्नेकल. दिसायला शिंपला, पण हा प्राणी खेकडा-कोळंबीच्या गोतातला. त्याची पिल्लं पाण्यात पोहत असतात. शेवटच्या अवस्थेतलं पिल्लू काहीच खात नाही, त्याचं एकच काम: बसायला जागा शोधणं. मिशांनी चाचपत चाचपत पृष्ठभागावर चालतं, जागा पसंत पडली की स्वतःचं सिमेंट सोडून डोकं खाली करून चिकटतं ते कायमचं. चार्ल्स डार्विनने या बार्नेकलच्या अभ्यासात १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं घातली. हे सांगितल्यावर एक मुलगा म्हणाला, "सर, आठ वर्षं म्हणजे पहिलीपासून आठवीपर्यंत!" मला हे गणित आधी सुचलं नव्हतं.

तांबं कुठून आलं?

लाकडी जहाजांना बुडाला चिकटणाऱ्या जीवांबरोबर लाकूड पोखरणाऱ्या किड्यांचाही त्रास होता. ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये 'अलार्म' या जहाजाच्या बुडाला तांब्याचा पत्रा ठोकून पाहिला. जीव चिकटले नाहीत. पण तांब्याच्या जवळचे लोखंडी खिळे भराभर गंजून गेले. दोन धातू आणि मधे खारं पाणी, म्हणजे विद्युत घटच तयार झाला! (नववी-दहावीला हे उदाहरण जरूर वापरा.)

आपल्या मुंबईतही हे काम झालंय. वाडिया घराण्याने मुंबईच्या गोदीत सागवानी जहाजं बांधली. त्यातलं १८१७ साली पाण्यात उतरलेलं 'त्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला जपून ठेवलेलं आहे. पुढे जहाजं लोखंडाची झाली. लोखंडाला तांब्याचा पत्रा लावणं म्हणजे जहाज गंजवणं. म्हणून तांब्याची संयुगं रंगात मिसळायची युक्ती आली. क्युप्रस ऑक्साइड हे तांब्याचं संयुग मुळातच तांबूस लाल. जहाजाचं बूड बहुतेक वेळा लाल का, याचं हे एक कारण.

नंतर विसाव्या शतकात, १९६० च्या दशकापासून, ट्रायब्युटिल टिन नावाचं कथिलाचं संयुग रंगात वापरायला लागले. भलतंच प्रभावी. पण ते रंगातच राहिलं नाही. फ्रान्समध्ये आर्काशों नावाची खाडी आहे, तिथे कालवांची शेती होते. कालवांची पिल्लं जगेनात, शिंपा वेड्यावाकड्या जाड होऊ लागल्या. काही समुद्री गोगलगायींत तर मादीला नराचे अवयव फुटू लागले आणि प्रजननच थांबलं. फ्रान्सने १९८२ मध्ये लहान बोटींवर हा रंग लावायला बंदी घातली. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा करार २००१ मध्ये झाला आणि तो अमलात आला १७ सप्टेंबर २००८ रोजी.

ही तारीख मी मुलांना मुद्दाम सांगतो. १७ सप्टेंबर म्हणजे शेजारच्या बीड-धाराशिवला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन. आणि हॉलंडच्या अँटनी लेव्हेनहूकने आपल्या दातांवरचा पांढरा थर सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, त्यात हलणारे जीव दिसल्याचं पत्र लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहिलं, ते १७ सप्टेंबर १६८३ चं! त्याच्या हेही लक्षात आलं की व्हिनेगरने थराच्या बाहेरचे जीव मरतात, आतले तगून राहतात. म्हणजे जैवपटल हे नुसतं घर नाही, किल्ला आहे. आपल्या खर्ड्याच्या किल्ल्यासारखा. बाहेरचा मार आतपर्यंत पोचत नाही.

पत्र्याचे तुकडे

आमचा एक माजी विद्यार्थी मुंबईत जहाज दुरुस्तीच्या सुक्या गोदीत रंगकाम करतो. आई-वडील ऊसतोडीला जायचे, हा आजीजवळ राहून शिकला. दिवाळीला गावी आला की शाळेत चक्कर असतेच. त्याला मी त्या मुलीचा प्रश्न सांगितला. तो म्हणाला, "सर, थराची जाडी तपासायला आम्ही तुकड्यांवर रंग मारून बघतो. असे तुकडे असतील, साहेबांना विचारून आणतो."

त्याने तळहाताएवढे दोन पत्रे पाठवले. एकावर नुसता प्रायमर. दुसऱ्यावर प्रायमर आणि वर तांब्याचा लाल रंग. सोबत निरोप: "सर, लाल पत्रा उघड्या हाताने धरू देऊ नका. आणि त्याचं पाणी कुठेही ओतू नका." रंग घासताना मास्क न लावणाऱ्यांचा खोकला त्याने जवळून पाहिलाय. पुस्तकात नसलेला सुरक्षिततेचा धडा आम्हाला आमच्याच मुलाने दिला.

भुतवडा तलावातून पाणी आणलं. दोन्ही पत्रे एकाच टपात ठेवणार होतो, तेवढ्यात एक मुलगा म्हणाला, "सर, तांबं पाण्यात उतरलं तर साध्या पत्र्यालाही औषध लागेल ना?" अगदी बरोबर. म्हणून दोन टप, सारखंच पाणी, सारखंच ऊन. दर आठवड्याला थोडं ताजं तलावाचं पाणी.

दुसऱ्याने विचारलं, "सर, मीठ टाकलं तर समुद्र होईल का?" लिटरला ३५ ग्रॅम मीठ टाकलं तर खारटपणा साधारण समुद्राएवढा होईल, पण समुद्रातले जीव कुठून येणार? आणि तलावातले जीव त्या मिठात मरतील. म्हणून मीठ नको. पण हा रंग समुद्रासाठी बनवलेला आहे, गोड्या पाण्यात त्यातून तांबं वेगळ्या वेगाने सुटतं. म्हणजे आमचा प्रयोग जहाजाबद्दल काही सिद्ध करणार नव्हता. तो होता "कसं पाहायचं आणि कसं मोजायचं" हे शिकण्यासाठी. हे वाक्य आम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

रंगावर सूक्ष्मदर्शकाने पाहायचं कसं?

इथे पहिली अडचण. शाळेच्या सूक्ष्मदर्शकात उजेड खालून आरशावरून येतो आणि काचपट्टीतून वर जातो. रंगवलेल्या पत्र्यातून उजेड जाणारच नाही! भिंगाखाली पत्रा ठेवला तर नुसता काळोख.

मोठ्या प्रयोगशाळांत यावर उपाय आहेत. गोव्याला दोनापावला इथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, अंबरनाथला नौदलासाठी साहित्य संशोधन करणारी डीआरडीओची प्रयोगशाळा आहे. अशा ठिकाणी जहाजांना चिकटणाऱ्या जीवांवर आणि ते रोखणाऱ्या रंगांवर काम चालतं. या कामाची नेहमीची रीत अशी: रंगवलेले पत्रे चौकटीत बसवून समुद्रात टांगायचे, ठरावीक दिवसांनी वर काढायचे, फोटो घ्यायचे. मग सूक्ष्मदर्शक. त्यातला उजेड वरून टाकतात. जिवाणूंच्या डीएनएला चिकटणारा रंजक टाकला की ते निळे चमकतात. शैवालातलं हरितद्रव्य तर काहीही न टाकता आपोआप लाल चमकतं. लेझरचा कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक थराचे एकावर एक आडवे छेद घेतो, त्यावरून जाडी कळते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात डायाटमच्या कवचावरची नक्षी दिसते, पण त्यासाठी नमुना वाळवून त्यावर सोन्याचा पातळ मुलामा द्यावा लागतो, आणि वाळवताना तो ओला थर आक्रसतो. म्हणजे प्रत्येक यंत्र काहीतरी दाखवतं आणि काहीतरी लपवतं. एकावर विसंबून चालत नाही.

आमच्याकडे यातलं काहीच नाही. मग जुना मार्ग: खरवडून मोजणे.

आमची मोजणी

चार आठवड्यांनी पत्रे काढले. हातमोजे घालून प्रत्येक पत्र्यावर २ सेंमी × २ सेंमी चौकोन आखला, म्हणजे ४ चौ. सेंमी. नव्या मऊ टूथब्रशने तेवढाच भाग घासून १० मिली पाण्यात उतरवला. ड्रॉपरचे २० थेंब म्हणजे १ मिली, हे आधी मोजून घेतलं. त्यातला एक थेंब काचपट्टीवर, वर १८ मिमी × १८ मिमी ची कव्हर स्लिप.

आता सूक्ष्मदर्शकात एका वेळी दिसणारं वर्तुळ केवढं? १०० पट वर्धनाला पारदर्शक मोजपट्टी भिंगाखाली ठेवली. वर्तुळाचा व्यास सुमारे १.८ मिमी आला. ४०० पटीला तो चौथाई, म्हणजे ०.४५ मिमी. क्षेत्रफळ सुमारे ०.१६ चौ. मिमी. कव्हर स्लिपचं क्षेत्रफळ ३२४ चौ. मिमी. म्हणजे सगळ्या थेंबात अशी साधारण २००० वर्तुळं. सगळी कोण मोजणार? म्हणून २० वर्तुळं मोजायची आणि सरासरी काढायची.

समजा सरासरी ३ डायाटम. तर थेंबात ३ × २००० = ६०००. १० मिलीत २०० थेंब, म्हणून १२,००,०००. भागिले ४ चौ. सेंमी. उत्तर: एका चौरस सेंटिमीटरवर ३ लाख! नखाएवढ्या जागेत तीन लाख. फळ्यावर उत्तर आलं तेव्हा वर्ग गप्प झाला. भूमिती, गुणोत्तर, सरासरी सगळं एकाच उदाहरणात, आणि कुणी "याचा उपयोग काय" असं विचारलं नाही.

आणि इथे मी चुकलो

मोजणी त्याच मुलीकडे होती, बसमध्ये प्रश्न विचारणारी. तिने वही आणून दाखवली. साध्या पत्र्यावर सरासरी ३. लाल पत्र्यावर ५.

म्हणजे औषधाच्या रंगावर डायाटम जास्त?

मी म्हणालो, "पत्रे अदलाबदल झाले असतील. परत मोज." तिने परत मोजलं. तेच. "कचरा मोजला असशील. फक्त डायाटम मोज." तिने तिसऱ्यांदा मोजलं. थोडाफार फरक, पण तेच.

तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन चार दिवसांवर होतं. तक्ता जवळपास तयार होता, शीर्षकही ठरलं होतं: 'तांबे रोखते शेवाळ'. डोळ्यांनी पाहिलं तर ते खरंच वाटत होतं. साधा पत्रा हिरवागार, लाल पत्रा जवळजवळ स्वच्छ, फक्त किंचित तपकिरी झाक. मी म्हणालो, "आकडे राहू दे. तक्त्यावर 'तांब्याच्या रंगावर वाढ कमी' एवढंच लिहू. फोटो आहेतच." ती काही बोलली नाही. तक्ता तसाच गेला.

प्रदर्शनात परीक्षक आमच्या टेबलाशी आले. वयस्कर गृहस्थ, शांत. तक्ता वाचून तिला विचारलं, "कमी म्हणजे किती कमी? मोजलंत का?"

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "सर, मोजलं. हिरवं शेवाळ कमी आहे. पण डायाटम कमी नाहीत, जास्त आहेत." आणि दप्तरातून वही काढून दिली.

परीक्षकांनी वही चाळली. तक्ता एक सांगतोय आणि वही दुसरं, हे त्यांना लगेच दिसलं. माझ्याकडे बघून काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं. आम्हाला नंबर मिळाला नाही. मिळायलाही नको होता.

मग शोधलं तेव्हा

त्या रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवसापासून वाचायला लागलो. जे सापडलं ते असं: तांब्याच्या रंगावर बार्नेकल, शिंपले, हिरवे धागे बसत नाहीत, पण काही डायाटम तांबं सहन करतात. समुद्रात अँफोरा, नित्शिया, नॅव्हिक्युला अशा जाती रंगवलेल्या जहाजांवर नेहमी सापडतात. अँफोरा तर तांब्याला दाद न देण्याबद्दल प्रसिद्धच आहे. इतर जीव गेले की जागा मोकळी, मग यांचंच राज्य. तांबं नसलेल्या नव्या सिलिकॉनच्या गुळगुळीत लेपांवरून बार्नेकल जहाज वेगात चालताना सुटून पडतात, पण डायाटमचा थर चिवटपणे राहतो. आणि हा पातळ थरसुद्धा पाण्याचा अडथळा वाढवतो, म्हणजे इंधन जाळतो. रंग तपासणारे म्हणूनच बुळबुळ, धागे आणि कडक जीव यांची नोंद वेगवेगळी करतात. नुसतं "वाढ कमी" या वाक्याला तिथे काही अर्थ नाही.

म्हणजे मुलीने जे मोजलं ते चूक नव्हतं. उलट तिच्या वहीत नेमका तोच मुद्दा होता ज्यावर शास्त्रज्ञ डोकं खपवतात. मी तो "कचरा" म्हणून बाजूला सारत होतो.

पण आता उलटी चूकही करायची नव्हती. वाचलेल्याशी जुळलं म्हणून आकडा खरा, असंही नाही. म्हणून पत्रे अजून चार आठवडे ठेवले आणि मग आंधळी मोजणी केली. शिपाई मामांनी नमुन्यांच्या बाटल्यांवर क, ख अशी चिठ्ठी लावली, कुठली कशाची ते फक्त त्यांना ठाऊक. तीन मुलांनी वेगवेगळं मोजलं, एकमेकांचं न बघता. वर्तुळंही आवडीची निवडायची नाहीत. काचपट्टी ठरावीक अंतराने सरकवायची, जे येईल ते मोजायचं. कारण डोळा आपोआप गर्दीकडे जातो.

'क' बाटलीची सरासरी ४, ३, ४. 'ख' ची ६, ७, ६. मामांनी चिठ्ठी उघडली: 'ख' लाल पत्रा.

साध्या पत्र्याचा टप बारकाईने पाहिला तर त्यात तलावाच्या पाण्याबरोबर आलेल्या चार-पाच बारक्या गोगलगायी होत्या, पत्र्यावर चरत होत्या. डायाटम हा त्यांचा चारा. लाल पत्र्याच्या टपातही दोन आल्या होत्या. त्या आठवडाभरातच मेलेल्या सापडल्या होत्या, मुलांनी वहीत तशी नोंदही केली होती. तेव्हा मी त्या नोंदीकडे पाहिलं नव्हतं. चरणारं कुणी नाही, जागेसाठी भांडणारे धागे नाहीत, म्हणून डायाटम वाढले असावेत. 'असावेत' हा शब्द मुलांनीच लिहिला. एकेकच टप, एकेकच पत्रा. याहून जास्त म्हणायचा आम्हाला हक्क नाही.

मेलेल्या गोगलगायींवर वर्गात बराच वेळ बोलणं झालं. एक मुलगी म्हणाली, "म्हणजे सर, रंग चांगला चालला म्हणायचं की वाईट?" आर्काशोंच्या कालवांची गोष्ट मी आधी सांगितली होती, पण ती तेव्हा फक्त गोष्ट होती. आता ती टपात होती. जहाज स्वच्छ ठेवलं नाही तर इंधन जास्त जळतं, शिवाय बुडाला चिकटून परके जीव दुसऱ्या बंदरात जातात. मध्य अमेरिकेकडचा एक शिंपला असाच मुंबई आणि विशाखापट्टणमच्या बंदरात येऊन पसरलाय. आणि स्वच्छ ठेवायला विष वापरलं तर पाण्यातले इतर जीव मरतात. या प्रश्नाला एका वाक्याचं उत्तर नाही, हे मुलांना त्या दोन गोगलगायींनी शिकवलं.

माफी

मोजणी झाल्यावर मी वर्गात उभं राहून सांगितलं, की तक्त्यावरचं वाक्य माझं होतं, वही तिची होती, आणि वही बरोबर होती. तिची माफी मागितली. ती लाजून खाली बघत बसली. मधल्या सुट्टीत येऊन म्हणाली, "सर, तिसऱ्यांदा मोजताना मला पण वाटलं होतं की कमी लिहून टाकावं."

हे ऐकून मात्र मी हादरलो. अजून एकदा "परत मोज" म्हणालो असतो, तर तिने माझ्या मनातला आकडा लिहिला असता. आणि मी तिला शाबासकी दिली असती. किती मुलांना मी अशी शाबासकी दिली असेल? कांद्याच्या सालीची आकृती पुस्तकातल्यासारखी काढली म्हणून पूर्ण गुण, आणि भिंगाखाली खरंच दिसलं तसं वेडंवाकडं काढलं म्हणून अर्धे. आपण सगळेच हे करतो.

आपल्या जामखेडने जगाला एक गोष्ट दाखवलीय. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी इथे आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि खेड्यांतल्या, शाळेचं तोंडही फारसं न पाहिलेल्या बायकांना आरोग्यसेविका केलं. त्यांनी घरोघरी जाऊन जन्म, मृत्यू, आजार यांच्या नोंदी ठेवल्या आणि त्या नोंदींवर काम उभं राहिलं. मोजणारा किती शिकलाय यावर आकडा खरा-खोटा ठरत नाही. त्याने प्रामाणिकपणे पाहिलं का, आणि आपण त्याला तसं लिहू दिलं का, यावर ठरतो. हे माझ्या गावात घडलं आणि मीच विसरलो होतो.

वर्गात करायचं असेल तर

जहाजाचा रंग मिळवायच्या भानगडीत पडू नका, तो विषारी असतो. दोन साध्या काचपट्ट्या दोऱ्याने हौदात किंवा तलावाच्या पाण्याच्या टपात टांगा. एक उन्हात, एक सावलीत. दहा-पंधरा दिवसांनी काढा, एक बाजू पुसा, दुसरी तशीच भिंगाखाली ठेवा. काच पारदर्शक, त्यामुळे खरवडायची गरज नाही. सूक्ष्मदर्शक नसेल तर मनू प्रकाश यांनी बनवलेला कागदी फोल्डस्कोपही चालतो. मोजणाऱ्याला कुठली काच कुठली ते सांगू नका. अंदाज आधी लिहून पाकिटात बंद करा, मोजणी झाल्यावरच उघडा. अंदाज चुकला तर गुण कापू नका. आकडे खोडलेले दिसले तर मात्र जरूर विचारा, का खोडले.

आमच्या लाल पत्र्याच्या टपातलं पाणी उन्हात आटवलं, उरलेला गाळ बरणीत बंद केला, आणि पत्र्यासकट त्या माजी विद्यार्थ्याकडे परत पाठवला, त्यांच्याकडे असा कचरा वेगळा गोळा होतो म्हणून. ती वही प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. तक्ता मी फाडला नाही. वहीशेजारीच ठेवलाय, दरवर्षी आठवीच्या मुलांना दोन्ही दाखवतो आणि विचारतो, यातलं खरं कुठलं?

तुमच्या वर्गात असं काही घडलं असेल तर जरूर कळवा.